बदललेले इंजिन आणि बिघाडाची चौकशी

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इंजिनाविषयी बोलावयाचे म्हणजे देवळात लोहाराचा भाता नेण्यासारखे आहे, असे कोणास वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. येथे संतवाङ्मय, इतिहास, शेती या विषयांवर विद्वान लोक बोलतात. मी कोणी इंजिनिअर नव्हे. माझे शिक्षण गॅरेजातल्या बाकड्यावर झाले आणि पुढे चालक व मेस्त्री मंडळींच्या संघटनेचे काम करता करता, जुन्या फाटक्या पुस्तकांतून जेवढे कळले तेवढे घेतले. पण आपले अर्धापूर नांदेड-हिंगोली रस्त्यावर आहे. केळीचा घड असो की नवरदेवाची वरात असो, येथले बहुतेक सारे चाकावर चालते, आणि त्या चाकांपैकी बरीच अशी आहेत की ज्यांच्यावरचे इंजिन कारखान्यातून निघाले तसे आज राहिलेले नाही. अशी गाडी रस्त्यात उभी राहिली की कारण शोधण्याआधी गुन्हेगार शोधला जातो, आणि तो बहुधा पगारी चालक किंवा गॅरेजातला पोऱ्याच निघतो. म्हणून हा विषय मी घेतला आहे.

उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या ओळखीची गाडी घेऊ. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० जातीच्या मोटारी तेथे १९६४ पासून ‘डिलाइट’ या नावाने निघू लागल्या आणि १९७४ पासून त्याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटरचे, चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचे हे साधे इंजिन. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ही गाडी घराघरांत पोचवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र हौशी लोकांनी अजून जपल्या आहेत, आणि लग्नसराईत फुलांनी मढलेली एखादी आपल्याकडेही दिसते.

या टॅक्सीच्या आयुष्यात एक मोठा बदल झाला. मुंबईची हवा बिघडली म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००० नंतरच्या काही वर्षांत हजारो टॅक्स्या पेट्रोलवरून दाबलेल्या नैसर्गिक वायूवर, म्हणजे आपण ज्याला सीएनजी म्हणतो त्यावर आल्या. इटलीत पेट्रोलसाठी आखलेल्या इंजिनाला मुंबईच्या गल्लीतल्या मेस्त्रींनी वायू प्यायला शिकवले. जुन्या मोटारीत बदल केल्यावर काय काय बिघडते आणि ते कसे शोधावे, याची एवढी मोठी शाळा दुसरी भरली नसेल. त्या शाळेचे पुस्तक मात्र कोणी लिहिले नाही. जे शिकले ते हातात राहिले, आणि ते हात आता थकत चालले आहेत.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ. कारखाना इंजिन बनवतो तेव्हा चार गोष्टींचा मेळ घालतो: किती हवेत किती इंधन, ठिणगी किती जोराची, ती कोणत्या क्षणी पडावी, आणि निर्माण झालेली उष्णता कोठून बाहेर जावी. पेट्रोल पूर्ण जळण्यास एक किलो पेट्रोलामागे सुमारे १४.७ किलो हवा लागते. कार्बोरेटरच्या जेटचे बारीक भोक या हिशेबाने पाडलेले असते. ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या थोडी आधीच पडावी लागते, कारण जळण्यालाही वेळ लागतो. भाकरी ताटात पडावयाच्या वेळी गरम हवी असेल तर तवा आधी चढवावा लागतो, तसेच हे. यांतली एक गोष्ट आपण बदलली की उरलेल्या तिन्हींचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बदल करणारा एकच गोष्ट बदलतो, तिचेच पैसे घेतो, आणि बाकीचा हिशेब तसाच राहतो. बदललेल्या गाडीचे निम्म्याहून अधिक बिघाड येथे जन्मतात.

सीएनजीचेच पाहा. या वायूला पूर्ण जळण्यास किलोमागे १७ किलोच्या वर हवा लागते. तो वायुरूपानेच आत शिरत असल्यामुळे हवेची काही जागा अडवतो, म्हणून ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. हा बिघाड नव्हे, त्या इंधनाचा स्वभाव आहे. चढावर गाडी दमते म्हणून चालकावर ओरडण्यात अर्थ नाही. दुसरे असे की हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी आणखी काही अंश आधी टाकावी लागते. मेस्त्री डेल्को फिरवून टायमिंग पुढे घेतो आणि गॅसवर गाडी छान उचलते. पण तीच गाडी पेट्रोलवर टाकली की चढावर खडखड आवाज करते, कारण पेट्रोलला आता ठिणगी फार लवकर मिळते. मालक म्हणतो, पेट्रोल भेसळीचे आहे. पंपवाला म्हणतो, इंजिन म्हातारे झाले. दोघेही खोटे बोलत नाहीत, पण दोघांनाही ठाऊक नसते की महिन्यापूर्वी डेल्को फिरवला गेला होता.

तिसरी गोष्ट ठिणगीच्या जोराची. या वायूचे मिश्रण पेटविण्यास अधिक दाबाची वीज लागते. पेट्रोलवर जी जुनी कॉइल, चिरलेली प्लगवायर किंवा झिजलेला रोटर निभावून जात होता, तो गॅसवर उघडा पडतो. गाडी मिस मारू लागते, न जळलेला वायू मागे राहतो, आणि कधी तरी तो कार्बोरेटरच्या बाजूने भडकून एअर फिल्टरचे झाकण उडवतो. हा ‘फटाका’ ऐकला की लोक गॅसच्या किटला शिव्या देतात. पण प्रथम पाहावयाचे ते प्लग, वायरी आणि टायमिंग. गाडी गॅसवर चालत असताना पेट्रोल बंद करणारा व्हॉल्व्ह जर गळत असेल तर इंजिनाला एकाच वेळी दोन जेवणे मिळतात आणि ते काळा धूर ओकते. उलट, महिनोन्महिने पेट्रोलवर चालवलेच नाही तर फ्लोटची वाटी कोरडी पडते, तळाला राळेसारखा थर बसतो, पंपाचे पडदे कडक होतात, आणि ज्या दिवशी गॅस संपतो त्या दिवशी गाडी पेट्रोलवर सुरूच होत नाही. म्हणून जाणते चालक सकाळचे दोन-चार किलोमीटर पेट्रोलवर काढत असत.

तर मग चौकशी कशी करावी? पहिले काम पान्याचे नाही, जिभेचे आहे. काय बदलले, केव्हा बदलले, त्यापूर्वी गाडी कशी होती, तक्रार थंड इंजिनात आहे की तापल्यावर, उभ्या गाडीत की ओझे घेतल्यावर, हे चालकाला विचारावे. मालकाला नव्हे, चालकाला. दिवसाचे दहा तास जो त्या आवाजाच्या शेजारी बसतो त्याच्या कानाइतके चांगले यंत्र गॅरेजात नसते.

त्यानंतर इंजिनाची प्रकृती पाहावी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ, साधारण दहा टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी आले तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. हे दहा-पंधरा मिनिटांचे काम न करता जो कार्बोरेटर उघडतो, तो आजाऱ्याची नाडी न पाहता त्याचे पोट फाडतो.

प्रकृती ठीक निघाली की वीज पाहावी, आणि इंधन सर्वांत शेवटी. कार्बोरेटरची म्हणून आलेली तक्रार पुष्कळदा इग्निशनची निघते, हा जुन्या मेस्त्रींचा अनुभव आहे आणि मी तो अनेकदा पडताळून पाहिला आहे. येथेही क्रम आहे. पॉइंटमधील फट आधी लावावयाची आणि टायमिंग नंतर, कारण फट बदलली की टायमिंग आपोआप सरकते. उलट क्रमाने केलेले काम दोनदा करावे लागते. पद्मिनीत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. डेल्कोचे टोपण काढून बसवताना दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी खोकते, थरथरते, आणि नव्याने घातलेल्या कार्बोरेटरवर आळ येतो.

पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याची हौस आता बरीच आहे. चीज चांगली आहे, पण तिला जुळणारी कॉइल लागते. न जुळणारी असली तर थंड गाडी झकास सुरू होते आणि तापल्यावर बंद पडते. आणखी एक इशारा. मिस मारणारा सिलिंडर शोधण्यासाठी चालत्या इंजिनावर एकेक प्लगवायर हाताने उपसण्याची आपल्याकडे रीत आहे. नव्या इग्निशनमध्ये ती वीज माणसाला फेकून देईल इतकी जोराची असते, आणि मोकळी सोडलेली वायर आतला भागही जाळते. गॅरेजातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘उपस रे वायर’ म्हणून सांगणाऱ्या उस्तादाने आधी त्याच्या हातात रबरी मुठीची पक्कड द्यावी. खरे तर त्या वयाच्या मुलाने तेथे नसावेच, पण तो आजचा विषय नव्हे.

इंधनाकडे आल्यावर एक बिनपैशाची परीक्षा सांगतो. इंजिन उभ्या जागी अडखळत असेल तर चोक थोडा ओढावा. सुधारले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे कोठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे किंवा जेट तुंबला आहे. बिघडले तर मिश्रण आधीच दाट आहे. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवताना मध्ये एक पट्टी घालावी लागते; तिचे गॅस्केट वाकडे बसले की ही फुकटची हवा सुरू होते. त्या सांध्यावर पिचकारीने थोडे पाणी मारले आणि आवाज बदलला, तर चोर सापडला. काही जण यासाठी तापल्या इंजिनावर पेट्रोल उडवतात. त्यांचे धाडस मला मान्य आहे, अक्कल मान्य नाही. व्हॅक्यूम गेज मिळाला तर फारच उत्तम. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन उभ्या जागी सतरा ते एकवीस इंच दाखवते. आपण त्याहून हजार-बाराशे फूट उंच आहोत, म्हणून एखादा इंच कमी दिसला तर घाबरू नये. आकड्यापेक्षा काटा स्थिर आहे की थरथरतो हे महत्त्वाचे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जेट, प्लग आणि टायमिंग तिन्ही एकदम बदलून गाडी सुधारली, तर ती कशाने सुधारली हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

आता ज्या प्रकरणामुळे मला या विषयाची निकड कळली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका काळी-पिवळी जीपच्या चालकाची तक्रार आली. मालकाने जीपमधले मूळ पेट्रोल इंजिन काढून दुसऱ्या वाहनाचे डिझेल इंजिन बसवून घेतले होते. अशी कामे मराठवाड्यात एके काळी सर्रास होत. डिझेल स्वस्त, आणि ओझे ओढण्यास बरे. इंजिन बसल्यावर तिसऱ्या महिन्यात हेड तडकले. मालकाचे म्हणणे असे की चालकाने पाणी पाहिले नाही, तापलेली गाडी तशीच दामटली. खर्च त्याच्या पगारातून महिन्यामहिन्याने कापला जाऊ लागला. चालक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: काटा थंड दाखवत होता.

आम्ही दुसऱ्या एका जाणत्या मेस्त्रीला बरोबर घेऊन गाडी पाहिली. नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच होते आणि त्याच्या हेडातील पाण्याची वाट रेडिएटरच्या तोंडाहूनही वर आली होती. रेडिएटर तोंडापर्यंत भरला तरी हेडाच्या वरच्या कोपऱ्यात हवा कोंडून राही. पाणी आपली पातळी सोडून वर चढत नाही, हे विहिरीवर मोट हाकणाऱ्यालाही ठाऊक असते. आणि उष्णता मोजणारा गोळा नेमका त्याच हवेच्या पोकळीत बसवला होता. तो पाण्यात बुडालेला असला तरच खरे सांगतो. भोवती पोकळी असली की खालचे पाणी उकळत असतानाही काटा खालीच राहू शकतो. मूळ पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडेही जोडणीत काढून टाकले होते, त्यामुळे सावकाश चालणाऱ्या भरल्या जीपला वारा मिळत नव्हता. म्हणजे चालक खरे सांगत होता. काट्यावर त्याने विश्वास ठेवला आणि काटा चुकीच्या जागी बसवला होता.

आम्ही मालकासमोरच परीक्षा केली. हेडावरची सर्वांत उंच नळी सैल करून रेडिएटरमध्ये पाणी ओतले, तेव्हा फुसफुसत हवा निघाली आणि जवळजवळ दोन लिटर पाणी जास्तीचे मावले. त्यानंतर फार बोलावे लागले नाही. कापलेले पैसे परत झाले, वरच्या उंचीवर एक जादा टाकी बसली, गोळा खाली आणला गेला. मी आयुष्यात पुष्कळ वाटाघाटी केल्या. दोन लिटर पाण्याने जेवढ्या लवकर निकाल लावला तेवढा कागदांनी क्वचितच लावला असेल.

आतापर्यंत आपण हौसेने किंवा गरजेने केलेल्या बदलांविषयी बोललो. पण मालकाने काडीचाही बदल न करता गाडी बदलते, असेही घडले आहे, कारण पेट्रोलच बदलले. २००० सालापासून देशात शिसेविरहित पेट्रोल आले. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या प्रकृतीसाठी ते आवश्यकच होते. पण जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला शिशाचा पातळ थर सांभाळत असे. पद्मिनीच्या अॅल्युमिनियम हेडात बैठकीच्या कड्या वेगळ्या बसवलेल्या असतात, म्हणून तिला त्रास कमी. अँबेसडरसारख्या लोखंडी हेडात बैठक सरळ हेडातच कापलेली असते; तेथे व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो, टॅपेटची फट मिटते आणि एके दिवशी कॉम्प्रेशन जाते. कोरड्या गॅसवर हीच झीज अधिक वेगाने होते. म्हणून अशा गाडीची टॅपेटची फट वारंवार मोजावी. दरवेळी ती कमीच होत गेलेली आढळली तर हेड उतरवून कठीण कड्या बसविण्याची वेळ आली असे समजावे. टॅपेटचा खटखट आवाज लोकांना आवडत नाही, पण आवाज बंद होणे त्याहून वाईट.

अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते. २०२२ साली हे प्रमाण दहा टक्क्यांवर आले आणि २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेले. आपल्या ऊसवाल्या भागाला त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. जुन्या गाडीवर त्याचे तीन परिणाम होतात. इथेनॉलच्या अंगात प्राणवायू असतो, म्हणून वीस टक्के मिश्रणाला किलोमागे साडेतेराच्या आसपासच हवा पुरते. जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते, गाडी सकाळी कुरकुरते आणि तापते. ते टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवते आणि तो जेटमध्ये आणून बसवते. आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे त्याने फुगतात, मऊ होतात, चिरतात. पहिल्या दोन गोष्टी त्रासाच्या आहेत, तिसरी आगीची आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्याने इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात. हा खर्च रंगरंगोटीच्या आधीचा आहे. फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत हे पेट्रोल हवेतले पाणी शोषते आणि पाणी टाकीच्या तळाशी बसते, हेही ध्यानात असावे.

वैशाखातल्या उन्हात वरातीबरोबर सावकाश चालणारी गाडी बंद पडते तेव्हा बहुधा पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. ओले फडके पंपावर ठेवून दहा मिनिटांत गाडी सुरू झाली तर निदान पक्के. यावर उपाय म्हणून काही जण विजेचा पंप बसवतात. बसवावा, पण कार्बोरेटरला दोन ते चार पौंडांचा दाब पुरतो. नव्या इंजेक्शन गाडीचा पंप त्याच्या दसपट दाब देतो; तो फ्लोटची सुई ढकलून पेट्रोल तापल्या इंजिनावर ओततो. इंजिन बंद झाले तरी चावी चालू असेपर्यंत असा पंप चालूच राहतो. अपघातात तो आपोआप बंद होईल अशी कळ बसविल्याशिवाय ती गाडी चालकाच्या स्वाधीन करू नये.

शेवटी कागदाविषयी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील खोटे ठरतील असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिन बदलले आणि पुस्तकात जुनाच क्रमांक राहिला, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करण्यास मोकळी होते, आणि त्या वेळी चाकावर मालक नसतो. २०२१ साली केंद्राने जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. तिचा धंद्यासाठी उपयोग करता येत नाही. म्हणजे १९७४ ची पद्मिनी आज त्या वयात आली आहे. ज्याच्या अंगणात अशी गाडी उभी असेल त्याने मूळ इंजिन भंगारात घालण्यापूर्वी हा नियम वाचावा. आणि ज्याच्याकडे पगारी चालक आहे त्याने नव्या इंजिनाचा क्रमांक पुस्तकावर चढला की नाही हे त्याला आजच दाखवावे. चालकांनीही ते मागून पाहावे.